तिच्या हाताची गिटार

“आधी वाजवून दाखवा,” दुकानदार म्हणाला. “मग मी सांगतो कुठली घ्यायची ते.”

हे तो सगळ्यांनाच सांगायचा. गिऱ्हाईक रंग बघतं, किंमत बघतं, आणि कुठल्यातरी बड्या वादकाचं पोस्टर डोक्यात घेऊन येतं. दुकानदार बघायचा फक्त हात. सत्तावीस वर्षं तो इलेक्ट्रिक गिटारी विकत होता आणि आपण कुणाच्या गळ्यात चुकीची गिटार मारली नाही, याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

आज शटर वर जायच्या आधीच ही दोघं पायरीवर उभी होती. चाळिशीची एक बाई आणि तिचा थोरला भाऊ. भावाच्या हातात कपड्यांनी फुगलेली पिशवी होती, आणि चेहरा असा, की बहीण गिटार घ्यायला नाही तर घर विकायला आली आहे.

“चहा सांगू?” दुकानदारानं विचारलं.

“ती काही घेणार नाही,” भाऊच म्हणाला. “आम्हाला बाराला पोचायचंय. जरा लवकर आटपा.”

गाडी पकडायची असणार, असं समजून दुकानदारानं विषय सोडून दिला.

पहिली गिटार त्यानं दिली ती दणकट, जाड आवाजाची. बाईनं ॲम्पचा आवाज वाढवला, दोन-चार कॉर्ड वाजवल्या आणि मान हलवली. “आवाज झकास आहे, पण खांद्याला जड.”

दुसरी हलकी होती, आवाज धारदार. ती वाजवू लागली आणि दुकानदार टेकून उभा होता तो सरळ झाला. बाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. उजव्या हाताचा ठेका घड्याळासारखा पक्का. डाव्या हाताची करंगळी मात्र तारांपासून लांब, आणि तिच्या शेजारचं बोटही ती जपून टेकवत होती.

“किती वर्षं वाजवताय?”

“बावीस.”

“तुम्ही ठेक्याचं माणूस. डाव्या हाताचं काम दोन बोटांत भागवता. जुनी सवय दिसते. तुम्हाला बारीक नेकची, सडपातळ दांडीची गिटार हवी, म्हणजे हात फार ताणावा लागणार नाही. बरोबर ओळखलं की नाही?”

“बरोबर,” बाई म्हणाली. भाऊ दाराबाहेर बघत होता.

“अगं, पण घरी एक चांगली आहे ना?” तो एकदम वळून म्हणाला. “आता नवी कशाला? नुसती भिंतीवर टांगून ठेवायला?”

“घरची मी काल देऊन टाकली.”

“देऊन टाकलीस? कुणाला?”

“बँडमध्ये माझ्या जागी आलीय ना, तिला. छान वाजवते. जरा घाई करते, पण सुधारेल.”

भाऊ मटकन स्टुलावर बसला. दुकानदाराला मात्र सगळा उलगडा झाला. बाईचं वय झालं म्हणून बँडनं तिला डच्चू दिला होता, तिच्या जागी तरणी मुलगी घेतली होती, आणि घरची माणसं आता म्हणत होती की बस झालं, घरी बस. असल्या घरांचा त्याला मनापासून राग यायचा.

“साहेब, वाजवू द्या की त्यांना!” तो भावाला म्हणाला. “असा हात पुन्हा जन्माला येत नाही. तुम्ही तो बांधून ठेवायला निघालात?”

भावाचा चेहरा पांढरा पडला. “तुम्हाला काय माहीत आहे हो?”

“दादा, त्यांना नको बोलूस,” बाई म्हणाली. “आणि तूही ऐकून घे. आईला सांग, वहिनीला सांग, बँडमधल्या झाडून सगळ्यांना सांग. मी सोडणार नाही. माझी कीव करायला जो येईल त्याला म्हणावं, दारातूनच परत जा.”

दुकानदारानं मनातल्या मनात टाळी वाजवली आणि तिसरी गिटार काढली. हलकी, बारीक नेकची, आवाज गोल पण पाहिजे तेव्हा ओरडणारा.

या वेळी तिनं तुकडे वाजवले नाहीत. एक अख्खी चाल घेतली, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. डोळे मिटलेले, दात आवळलेले. मधेच ठेका सोडून ती वरच्या सुरांवर गेली आणि डाव्या हाताची चारही बोटं तारांवर पळू लागली. कपाळावर घाम आला तरी ती थांबली नाही. समोरच्या फुटपाथवर दोन माणसं ऐकत उभी राहिली.

“बघा, आली की करंगळी!” दुकानदार आनंदानं ओरडला. “मी म्हटलं नव्हतं? गिटार हाताची असली की बोटं आपोआप चालतात!”

भावानं पिशवी पोटाशी धरली आणि भिंतीकडे तोंड केलं.

शेवटचा सूर विरेपर्यंत बाई तारांवरून बोटं उचलेना. मग तिनं गिटार अलगद खाली ठेवली.

“हीच,” ती म्हणाली. “पण तारा बारीक लावून द्या. नवशिक्याची बोटं सोलून निघणार नाहीत अशा.”

“शिकवणी घेताय वाटतं?”

“घेतेय. एकच विद्यार्थी. ठार ढ असणार आहे, पण मला पळवून लावता येणार नाही त्याला.”

दुकानदार हसत हसत गिटार खोक्यात भरायला लागला. तिनं त्याचा हात अडवला.

“ही नको. अशीच, पण डावखुऱ्यांची असते ना, ती द्या.”

“अच्छा! म्हणजे विद्यार्थी डावखुरा आहे?”

“नाही हो,” ती म्हणाली. “आज दुपारी डॉक्टर माझ्या डाव्या हाताची दोन बोटं काढणार आहेत. तारा दाबायचं काम आता उजव्या हाताला शिकवायचंय.”