घागर फुंकताना

महालक्ष्मीपुढे घागर फुंकता फुंकता उमाकाकूंचा अंबाडा सुटला. "आली गं, देवी अंगात आली!" म्हणत बायका हात जोडून मागे सरल्या.

काकूंचाच मुलगा श्रीपाद झुलत पुढे आला. तोंडाला दारूचा भपकारा. "आई जगदंबे, बायको विहिरीत पडून गेली, तेव्हापासून रोज ओलेत्यानं उशाशी उभी राहते. कितीही प्यालो तरी जात नाही. तिला शांत कर."

"पडली?" काकू कडाडल्या. "मेल्या, पिऊन तूच ढकललंस तिला! आणि पाय घसरला म्हणून पोलिसांना खोटं सांगितलं मी!"

कुणीतरी घाईनं कुंकवाचा करंडा पुढे केला. "शांत हो, आई. लेकराचा अपराध पोटात घाल."

काकूंनी तो हात झिडकारला. "देवी नाही आलेली. मी बोलतेय, याची आई. बोलवा पोलिसांना."