नववा चिंचोका

वाढदिवसाचं औक्षण होताच कावेरीनं चिंचोक्यांची डबी फरशीवर उपडी केली.

वजाबाकीला रडणाऱ्या लेकीसाठी आईनंच हा खेळ काढला होता. एक रांग दादाची, एक तिची. वाढदिवस ज्याचा, त्यानं आपल्या रांगेत एक चिंचोका ठेवायचा. "कितीही वाढ गं ठमे, दादा दोनानं मोठाच!" आई चिडवायची.

तीन वर्षांपूर्वी तापानं दादाला नेलं. त्याची रांग आठावरच थांबली.

आज कावेरीनं दोन्ही रांगा मांडल्या. आठ आणि आठ. नववा चिंचोका बोटांत धरून ती थबकली.

"आई, आता मी दादाची ताई होणार?"

आई हातातलं तबक ठेवून तिच्याशेजारी बसली.

कावेरीनं चिंचोका हलकेच दादाच्या रांगेत ठेवला. "दादाच मोठा. बरोबर ना?"

वहीतली एकही चूक खपवून न घेणारी आई म्हणाली, "बरोबर."