बिनफोडणीचा दुधी

काकांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत प्रकाश टाकणारी बारीक तार घालून काढलेलं चित्र डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर थांबवलं. “हा आधीचा स्टेंट. अर्धवटच उघडलाय. बसवतानाच नीट फुगवलेला नाही, म्हणून पुन्हा दुखतंय.” उमाकाकूंनी शेजारी बसलेल्या पुतण्याकडे पाहिलं. स्टेंट बसवणारा डॉक्टर तोच. ‘ही तपासणी कशाला? माझा हात बसलाय,’ तेव्हा म्हणाला होता. काकांचं दुखणं उलटल्यावर मात्र तोच कुळगावभर सांगत सुटला, ‘काकू चोरून तूप वाढते.’ नणंदेने तर तुपाची बरणीच उचलून नेली. “होतं असं कधीकधी, काकू,” तो पुटपुटला. “मग माझ्या नावाने खडे का फोडलेस रे?” काकूंनी काकांसाठी आणलेला डबा उघडून पुतण्याच्या मांडीवर आदळला. बिनफोडणीचा उकडलेला दुधी. “खा. चाटूनपुसून खा. मग आत्याकडे जा, माझी बरणी माग, आणि का मागतोयस ते स्वतःच्या तोंडाने सांग.”