शेवटचा शॉट

हे एवढे मोठे दिग्दर्शक, पण लाइट लावताना नटाच्या खुर्चीत स्वतः बसून पाहायची सवय. सेटवर त्याच खुर्चीत हार्ट अटॅकनं गेले. "क्षणात गेले, वहिनी. कुणाला कळलंही नाही," निर्माता पोतनीस म्हणाला होता.

आज त्यानं पूर्ण केलेला ह्यांचा सिनेमा मी पहिल्या रांगेत बसून पाहिला. शेवटी नायक मरतो. खुर्चीत, पाठमोरा. त्याचा हात खिशात गोळी चाचपतो, कितीतरी वेळ चाचपत राहतो, मग खाली लोंबतो.

मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. ह्यांच्यासारखं. छे, ह्यांचंच! तो नट नव्हताच.

टाळ्या थांबेनात. पोतनीस वाकून म्हणाला, "काय शेवट झालाय ना, वहिनी?"

मी ताडकन उठले. "मेल्या, गोळी शोधत होते ते! आणि तू कॅमेरा चालू ठेवलास?"