जिदहफ्सच्या सिग्नलवरचा बर्फ

अपघाताची वेळ: दुपारी बारा दहा, ऑगस्ट १९९४, बहारीन.

पिकअप थांबली ती पुढच्या पांढऱ्या कॅप्रिसच्या डिकीत तोंड खुपसूनच. एसी मेकॅनिक जगदीशचा पाय ब्रेकवर होता, तोही पार तळाला टेकलेला.

शेजारी बसलेल्या कांतानं, त्याच्या बायकोनं, सगळं पाहिलं होतं. बाजूच्या लेनमधला बर्फाचा ट्रक झोकात वळला. मागची फळी उघडी. एक लांबलचक लादी घसरून पिकअपपुढे आपटली, फुटली, आणि शेवाळावरून पाय सटकावा तशी गाडी सटकली. ट्रक मासळीबाजाराकडे निघूनही गेला.

कॅप्रिसमधून एक म्हातारा बहारीनी उतरला. चेपलेल्या डिकीवरून त्यानं हात फिरवला.

"हिंदी, ब्रेक मफी?" हिंदुस्थानी माणसा, ब्रेक नाहीत का, असं तो विचारत होता.

चूक कोणाची:

मागून ठोकणाऱ्याची. ते जिदहफ्समध्ये कुणालाही विचारा. आणि कंपनीच्या गाडीनं चूक केली की लायसन्स जमा, व्हिसा रद्द, माणूस विमानात. गेल्याच महिन्यात त्यांच्या शेजारचा शिरीष असाच गेला होता.

"मुख्तारभाईंना फोन करून येतो," म्हणत जगदीश समोरच्या कोल्ड स्टोअरकडे, म्हणजे किराणा दुकानाकडे पळाला. रत्नागिरीचे मुख्तारभाई मनामात एका वकिलाकडे टायपिस्ट होते. अपघाताचे कागद रोज त्यांच्या बोटांखालून जात.

कांता रस्त्यात उभी राहिली. बारक्या तुकड्यांचं बघता बघता पाणी होत होतं, पाण्याचे डाग होत होते, डागही आटत होते.

वाहनातील सामान:

एसीचे फिल्टर. गॅसची टाकी. पिण्याच्या पाण्याचा निळा जग. थंड हवेच्या डक्टभोवती गुंडाळतात त्या ग्लासवूलचा एक गठ्ठा, वरून चांदीसारखा कागद लावलेला.

चालकाचे म्हणणे:

जगदीश धापा टाकत परत आला.

"मुख्तारभाई म्हणतात, तीन वाटा आहेत. सही करायची, म्हणजे चूक कबूल, खलास. नाहीतर सही नाकारून कोर्टात जायचं. तारखा पडत राहतील, तोवर लायसन्स नाही, काम नाही. आणि तिसरी..." तो थांबला. रस्ता ठणठणीत कोरडा होता.

"तिसरी काय?"

"पोलिसाला आत्ताच्या आत्ता बर्फ दाखवायचा. त्यानं रिपोर्टात लिहिलं तर चूक ट्रकवाल्याची." तो कसंनुसं हसला. "ऑगस्टात. बहारीनमध्ये. बर्फ."

"मग दाखवू की."

"कुठून दाखवू, कांता?"

तिनं पिकअपच्या मागच्या भागाकडे बोट दाखवलं. तिथं चांदीच्या कागदाचं एक गाठोडं होतं. तान्ह्या बाळासारखं चारी बाजूंनी गुंडाळलेलं, वर टेपचे वेढेच वेढे.

"सहा वर्षं ऐकतेय तुमचं, गारवा बाहेर जायला फट ठेवायची नाही. नाही ठेवली."

जगदीशनं गाठोड्याची कड उचकटायला हात पुढे केला.

"उघडू नका हो! मेकॅनिक ना तुम्ही?"

साक्षीदार:

वाहतूक पोलीस लतीफ पाऊण तासानं आला. बलुची होता, उर्दू बोलायचा. त्यानं दोन्ही गाड्या पाहिल्या आणि छापील फॉर्म काढला.

"पीछे से मारा है. दस्तखत करो."

"साहब, रोड पे बरफ था."

लतीफनं गॉगल काढला. "अगस्त में?"

कांतानं टेप फाडली.

आत हातभर लांबीचा तुकडा होता. त्याच्या एका अंगावर टायरचे काळे वळ उमटले होते. लतीफ वाकला. टायरकडे पाहिलं, बर्फाकडे पाहिलं. मग पिकअपमधल्या निळ्या जगाकडे मान उडवली.

"ये तो तुम्हारे ही पानी की बरफ होगी. गिर गई, उसी पर फिसल गए."

जगदीशचा चेहरा पडला. कांतानं जग ओढून रस्त्यावर ठेवला, झाकण काढलं, आणि तुकडा दोन्ही हातांनी उचलून जगाच्या तोंडाशी नेला. आडवा जाईना. उभा जाईना. तिनं वरून जोर लावला, तरी जाईना.

"घाला तुम्ही," ती लतीफला मराठीतच म्हणाली. "घालून दाखवा."

आधी म्हातारा बहारीनी हसला, डिकीवर थाप मारून हसला. लतीफनं खरंच एकदा घालून पाहिला. जगदीशनं ट्रक कुठं गेला ते सांगितलं. मग ओले हात पँटला पुसत लतीफनं वायरलेसवर मासळीबाजाराची चौकी मागितली. पाच मिनिटांत उत्तर आलं. ट्रक तिथंच उभा होता, फळी अजून उघडीच.

रस्त्याची स्थिती:

फॉर्मवर छापलेलं होतं: कोरडा, ओला, वाळू, तेल. लतीफनं चारही चौकोन सोडून दिले आणि खाली कोऱ्या जागेत हातानं अरबीत एक ओळ लिहिली. पेन जगदीशपुढे धरलं. जगदीशनं ते झटकन घेतलं.

"थांबा," कांता म्हणाली. "काय लिहिलंय ते वाचायला सांगा आधी."

लतीफनं अरबीत वाचलं. मग तिच्याकडे बघून उर्दूत.

"रास्ते पर बरफ थी. ड्राइवर का कसूर नहीं."

कांताच्या कोपरांवरून गार पाणी ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही.

"अजून एकदा वाचायला सांगा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."