हात चालू तोवर

फिलिन्नाच्या गालांवरचा चामडी पट्टा आईनंच करकचून बांधला होता. दोन नळ्यांचा पावा फुंकताना गाल फाटू नयेत म्हणून. पट्टा चढला की तोंडातून सूर निघणार, शब्द नाही.

म्हणूनच की काय, मालकीणबाईंनी तिला विकण्याचा सौदा नेमका आत्ताच उरकला. पोरीच्या देखत!

"कोरिंथच्या मेजवान्यांत नाव काढेल ही," दाढीवाला व्यापारी म्हणाला. "चला, सोडा तो पट्टा. गलबत थांबलंय माझं."

"अहो, थांबा!" मालकीणबाई दचकल्या. "देमेतरमातेच्या रोटाची कणीक आहे ती. मळणारे हात चालू तोवर सूर तोडायचा नाही. आमच्या थीब्जमध्ये तरी नाही हो!"

व्यापारी चरफडत उंबऱ्यावर टेकला. धान्य देणाऱ्या देवीशी वैर कोण घेणार?

लाकडी काथवटीभोवती तीन बायका. मधली खरितो, फिलिन्नाची आई. तिनं सगळं ऐकलं होतं, पण हात? एक ठोका चुकेल तर शपथ! फिलिन्नाही गालांत हवा साठवून नाकानं श्वास ओढत होती. सूर कुठे म्हणून तुटत नव्हता.

"बाई, कणीक घट्ट झाली," खरितो म्हणाली आणि तिनं पाणी ओतलं.

जरा वेळानं, "अगं बाई, सैल झाली की!" मग पीठ.

पुन्हा पाणी. पुन्हा पीठ.

"गावजेवण घालतेस काय गं?" व्यापारी खेकसला.

"देवीची भूक मोठी, शेठ," शेजारी मळणारी बोळकी म्हातारी म्हणाली. "तिचीही लेक पळवली होती ना कुणीतरी."



पिठाच्या रांजणाचा तळ खरवडला गेला. तशी मालकीणबाई उठल्या, कणकेचा भला थोरला गोळा काथवटीतून उचलून तरातरा भट्टीकडे गेल्या. दोघी बायका हात पुसत मागे सरल्या.

व्यापारी फिलिन्नाच्या पाठीशी आला. त्याची बोटं पट्ट्याच्या गाठीला लागली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, पण फुंक सोडली नाही.

बोटं गाठीवरच थांबली.

तिनं डोळे उघडले. रिकाम्या काथवटीत, कोरड्या लाकडावर, खरितो तालात कणीक मळत होती.