कानामागचा गुंता

कुरळ्या केसांच्या कुत्र्याला घेऊन सून सासऱ्यांबरोबर पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात आली. "रोज विंचरते, तरी कानामागे गुंता होतोच. आता सगळे केस भादरावेच लागणार बहुतेक."

दुकानवाल्या बाईंनी केस बाजूला करून पाहिले. "मऊ ब्रश नुसता वरवर फिरतो. तारांचा घ्या, आणि मग स्टीलचा कंगवा अगदी मुळापर्यंत. पण बाकी अंग तर मोकळं आहे. कानामागे कुणीतरी तासन्‌तास कुरवाळत असणार."

"कोण कुरवाळणार? मी दिवसभर ऑफिसात." सुनेने आवाज खाली आणला. "घरी फक्त सासरे, आणि त्यांना कुत्रा डोळ्यांसमोर नको असतो."

गाडी चालवायला म्हणून आलेले सासरे पलीकडे तारांचा ब्रश स्वतःच्या मनगटावर ओढून बघत होते.

"हा टोचेल त्याला," ते म्हणाले. "दुसरा दाखवा."